मदत हवी आहे: ओसाका सहल, सोबत आई आणि मुलं (कापडखरेदीसह)

नमस्कार मंडळी,

भाऊबीज उरकली की आम्ही पाच जण ओसाकाला निघतोय. मी, नवरा, आठवीतली लेक, दुसरीतला मुलगा आणि माझी आई. विमान, व्हिसा, हॉटेल झालंय. हॉटेल नाम्बाला घेतलं, कारण कानसाई विमानतळावरून नानकाई रेल्वेची गाडी थेट तिथे येते आणि दोतोनबोरी, शिनसाइबाशीचा बाजार पायी गाठता येतो. अडलंय ते कुठल्या दिवशी काय करायचं यावर.

आई सत्तरीची आहे. सपाट रस्त्यावर निवांत चालते, पण गुडघ्यांमुळे जिने चढवत नाहीत. ती गेली कित्येक वर्षं बाळंतविडे शिवून देते. झबली, टोपरी, कुंची, दुपटी, सगळं ऑर्डरप्रमाणे. जपानमध्ये तान्ह्या बाळांच्या कपड्यांसाठी डबल गॉझ नावाचं मऊ, दुपदरी सुती कापड वापरतात. एका गिऱ्हाइकाने तिला त्याचा तुकडा आणून दिला होता. आईने तो धुतला, वाळवला, परत धुतला, गालाला लावून पाहिला. मग खिडकीशी उजेडात धरून, विणतानाच दोन पदर जिथे जोडलेत ते बारीक ठिपके मला दाखवले. तेव्हापासून हे कापड स्वतः हात लावून निवडायचं तिच्या मनात आहे. या सहलीत बाकी काहीही राहिलं तरी चालेल, हे राहता कामा नये.

त्यासाठी सेन्बा सेंटर बिल्डिंग हेरून ठेवलीय. १९७० साली उभारलेला बाजार, उड्डाणपुलाखाली ओळीने दहा इमारती, साधारण एक किलोमीटर लांब, आणि सगळा छपराखाली. रविवारी बहुतेक दुकानं बंद असतात एवढं कळलंय. पण तो मुळात घाऊक बाजार. आईला प्रत्येक रंगाचं दोन-दोन मीटर हवं. तेवढं कापून देतात का? आणि तिला तिथे दोन-तीन तास तरी लागतील, तोवर मुलांना कुठे न्यावं?

मुलाला काइयुकान मत्स्यालयातला व्हेल शार्क बघायचाय, लेकीला निप्पोनबाशीच्या डेन डेन टाउनमधली अ‍ॅनिमेची दुकानं. नवऱ्याला किल्ला, आणि दोगुयासुजी या स्वयंपाकाच्या सामानाच्या बाजारात सुऱ्या. वहिनीने राइस कुकर सांगितलाय.

दुसरा घोळ क्योतो की नारा. एकच दिवस हाताशी आहे. नोव्हेंबरात मेपलची पानं लाल होतात म्हणून सगळे क्योतो सुचवतात, पण तिथली गर्दी आणि देवळांच्या पायऱ्या पाहता माझा कल नाराकडे आहे. नारातल्या तोदाइजी देवळातल्या बुद्धाच्या प्रचंड मूर्तीचे नेत्र उघडण्याचा विधी ७५२ साली बोधिसेन या भारतातून गेलेल्या भिक्षूने केला होता. हे सांगितल्यापासून आईलाही ती मूर्ती बघायचीय. क्योतो सोडल्याची चुटपुट लागेल का?

शेवटचं म्हणजे खाणं. आई अंडंही खात नाही. मेतकूट, खाकरे, दाण्याची चटणी नेतोच आहोत, पण रोज एक वेळ तरी तिला गरम काहीतरी मिळायला हवं.

प्रतिसाद १

ताई, मी ओसाकात राहते. मेट्रोचा नकाशा उघडा आणि हिरवी चुओ लाइन बघा. सेन्बाचा बाजार त्याच लाइनवर होनमाची आणि साकाइसुजी-होनमाची या स्टेशनांच्या मध्ये आहे. एका बाजूला ओसाकाको म्हणजे मत्स्यालय, दुसऱ्या बाजूला तानिमाची-योनचोमे म्हणजे किल्ला. नाम्बाहून मिदोसुजी लाइनने होनमाची दुसरंच स्टेशन. सकाळी तुम्ही आणि आई बाजारात उतरा, बाबा मुलांना घेऊन होनमाचीलाच चुओ लाइनची गाडी पकडून पुढे मत्स्यालयाला जाऊ देत. गाडी एकदाच बदलायची.

काही दुकानं फक्त व्यापाऱ्यांनाच देतात, पण किरकोळ विकणारीही आहेत. आत शिरताना विचारायचं. किंमत नीट वाचा, बऱ्याच ठिकाणी ती १० सेंटीमीटरची लिहिलेली असते, मीटरची नव्हे. मनासारखं मिळालं नाही तर युझावाया ही शिवणसामानाची साखळी दुकानं आहेत, तिथे हवं तेवढं कापून देतात. सरकारी सुट्टीलाही सेन्बा बरंचसं बंद असतं, आणि २३ नोव्हेंबर, सोमवार, सुट्टीचा आहे.

नाराच करा. नाम्बाहून किन्तेत्सु रेल्वेची थेट गाडी, पाऊण तासाच्या आत. हरणांचं उद्यान बरंचसं सपाट आहे, आईंना झेपेल. किल्ल्याची आताची इमारत १९३१ ची, काँक्रीटची, आत लिफ्ट आहे. पण स्टेशनापासून चालणं बरंच पडतं, तेव्हा तो आणि बाजार एका दिवशी नको.

प्रतिसाद २

राइस कुकर घेताना जपा! तिथली वीज १०० व्होल्टची. स्थानिक मॉडेल आपल्या २३० वर लावलं तर जळेल. परदेशी गिऱ्हाइकांसाठीचं २२० व्होल्टचं मॉडेल वेगळं असतं, तेच मागा. सुऱ्या चेक-इनच्या बॅगेत.

पर्यटकांच्या खरेदीवरच्या करमाफीची पद्धत १ नोव्हेंबर २०२६ पासून बदलतेय. आता दुकानात १० टक्के करासकट पूर्ण पैसे भरायचे, आणि निघताना विमानतळावर कस्टम्सची तपासणी झाली की कर परत. एका दुकानात एका दिवशी कर सोडून किमान ५,००० येनची खरेदी व्हायला हवी, म्हणून कापड शक्यतो एकाच दुकानातून घ्या. पासपोर्ट जवळ ठेवा, आणि कापड वापरायला काढू नका.

खाण्याचं म्हणाल तर नुसतं 'मांस-मासे नको' सांगून भागत नाही. उदोन (जाड नूडल्स), सूप, भाज्या, सगळ्यात दाशी, म्हणजे चवीसाठीचं पातळ सार, असते आणि ती बहुधा सुक्या माशांची. जपानीत 'दाशीसुद्धा नको' असं लिहिलेला कागद आईंसाठी तयार ठेवा. दुकानातली उमेबोशीची (खारवलेल्या आंबट फळाची) ओनिगिरी, म्हणजे भाताचा गोळा, घेतानाही मागचं लेबल मोबाइलवर भाषांतर करून बघा. ताजी फळं, भाजी, कढीपत्ता मात्र सोबत नेऊ नका, विमानतळावर काढून घेतील.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. एकाच लाइनवर सगळं आहे हे माझ्या लक्षातच आलं नसतं. बाजार आणि मत्स्यालय मंगळवारी, नारा बुधवारी, किल्ला गुरुवारी सकाळी, असं ठरवलं. आता फक्त नाम्बाच्या आसपास भारतीय शाकाहारी जेवण कुठे चांगलं मिळतं तेवढं कुणी स्वतः खाल्लं असेल तर सांगा, शक्यतो जिना नसलेली जागा.