एसटीच्या तिकिटावर निनहायड्रिन मारलं की कागदच काळा पडतो, ठसे काढायचे कसे?

चिपळूणकर_केमिस्ट्री
टीवायच्या प्रोजेक्टला बोटांचे ठसे हा विषय घेतलाय. वहीच्या कागदावर निनहायड्रिन (घामातल्या अमिनो आम्लांशी जांभळा रंग देणारं रसायन) झकास चालतं, दुसऱ्या दिवशी जांभळ्या रेषा दिसायला लागतात. पण तेच इथेनॉलमधलं द्रावण एसटीच्या मशीनमधून निघालेल्या तिकिटावर किंवा पेट्रोल पंपाच्या पावतीवर टाकलं की काही सेकंदांत सगळं काळंकुट्ट, ठसा सोडा, चिपळूण ते गुहागर हे पण वाचता येत नाही. असं का होतं आणि आमच्या कॉलेजच्या लॅबमध्ये जमेल असा काही उपाय आहे का?

लॅबवाली_रत्नागिरी
थर्मल कागद आहे ना तो, त्यात शाई नसतेच. वरच्या थरात रंगहीन ल्युको डाय आणि बिस्फेनॉल ए नाहीतर बिस्फेनॉल एस सारखा आम्लधर्मी डेव्हलपर असे दोघं शेजारी शेजारी पण वेगवेगळे बसलेले असतात, मशीनच्या उष्णतेने वितळले की एकत्र येतात, डायची लॅक्टोन रिंग उघडते आणि काळा रंग येतो. तुझं इथेनॉल तेच काम उष्णतेशिवाय करतं, दोघांना विरघळवून एकत्र आणतं. कुठली बाजू थर्मल ते बघायचं तर कोपऱ्यावर नख जोरात घास, काळी रेघ उठली की तीच. साध्या कागदावर निनहायड्रिननंतर स्टीम इस्त्री फिरवतात, ती इथे चुकूनही नको.

वेंगुर्ल्याचो_झिलगो
तिकीट पावसात भिजलेला नाय मां? भिजला असला तर अमिनो आम्लां धुवन गेली, मगे निनहायड्रिन मारून कायच गावूचा नाय.

जुना_ठसेवाला
वरचं बरोबर आहे. आता उपाय. पहिलं काम म्हणजे दोन्ही बाजूंचे फोटो, कारण तिकिटावरची तारीख, वेळ हाही पुरावाच असतो आणि पुढच्या बऱ्याच पद्धतींत छपाई जाते.

कॉलेजला सगळ्यात सोपं म्हणजे कोरडी पद्धत. फिल्टर पेपर निनहायड्रिनच्या द्रावणात बुडवून पूर्ण सुकवायचे, अगदी पूर्ण, इथेनॉलचा वास राहता कामा नये, मग तिकीट त्या दोघांच्या मधे ठेवून वर जाड पुस्तकं ठेवून द्यायची आणि काही दिवस हात लावायचा नाही. या रिअॅक्शनला हवेतली ओल लागतेच, त्यामुळे जुलैत कोकणात बसून हे करणाऱ्याला ह्युमिडिटी चेंबरचा खर्च नाही, आपल्याकडे कपडे वाळत नाहीत त्याचा एवढा तरी फायदा.

दुसरा रस्ता म्हणजे आधी अॅसिटोनने थरच धुऊन काढायचा. छपाई जाते, पण अमिनो आम्लं अॅसिटोनमध्ये विरघळत नाहीत म्हणून ठसा कागदात टिकतो, मग नेहमीचं निनहायड्रिन किंवा अमिनो आम्लांवरच चालणारं दुसरं रसायन, झिंकवालं १,२-इंडेनडायोन, चालतं. इंडेनडायोनचा ठसा हिरव्या प्रकाशात नारिंगी फिल्टरमधून चमकतो. हायड्रोक्लोरिक अॅसिडच्या वाफेनेही थर्मल बाजूवर ठसा उठतो, पण क्षणभर जास्त झालं की सगळं काळं, आणि फ्यूम हूड (विषारी वाफा बाहेर खेचणारं कपाट) नसेल तर नादाला लागू नकोस.

लॅबवाली_रत्नागिरी
काका, निनहायड्रिनचं हेमिकेटल, म्हणजे अल्कोहोल जोडून बनवलेलं त्याचं रूप, राहिलं की! ते कमी ध्रुवीय सॉल्व्हंटमध्ये विरघळतं म्हणून थर काळा पडत नाही, आणि कागदावरच्या ओलाव्याने परत निनहायड्रिन होतं. त्यासाठी एचएफई ७१०० हे फ्लोरिनवालं सॉल्व्हंट वापरायचे, पण ते बनवणाऱ्या थ्रीएम कंपनीने २०२२ मध्येच जाहीर केलं की २०२५ अखेर पीएफएएस (निसर्गात लवकर न विघटणारी फ्लोरिनची रसायनं) बनवणं बंद, आणि हे त्यातलंच, त्यामुळे आता पेट्रोलियम ईथरवर यावं लागतं.

जुना_ठसेवाला
खरंय, पण कॉलेजला ते कोण मागवून देणार. ईथरची बाटली उघडली तर बर्नर बंद ठेव रे पोरा.

चिपळूणकर_केमिस्ट्री
धन्यवाद ताई, काका. मग कोरडीच करतो. एकच शंका, तिकिटाच्या मागच्या बाजूवर थर नसतो तर तिथे नेहमीचं द्रावण चालेल का?

जुना_ठसेवाला
नाही, कागद पातळ असतो, इथेनॉल झिरपून पुढे पोचतं. फिल्टर पेपर दोन्हीकडून लाव, अंगठा एका बाजूला तर बाकीची बोटं दुसऱ्या बाजूला असतात.