मधुमेह म्हणजे जिभेचे चोचले? मग पोटातल्या बाळाने कोणतं श्रीखंड चापलं होतं?

ओसरीवरचा
काल इथे खणखणीत_नाणं यांनी फर्मान काढलं. ज्यांनी वाचलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात : मधुमेह हा खादाड आणि आळशी लोकांचा रोग, जीभ आवरत नाही नि पाय उचलत नाहीत म्हणून होतो, आणि अशांच्या औषधपाण्याचा भार आमच्यासारख्या रोज पर्वती चढणाऱ्यांच्या विम्याच्या हप्त्यावर का? त्याखाली 'अगदी बरोबर', 'मनातलं बोललात' यांची रांग. तिथे प्रतिसाद लिहायला घेतला, तो आवरेना. म्हणून हा वेगळा धागा.

पर्वती चढता ना? उतरलात की जरा रास्ता पेठेकडे वळा. तिथल्या केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्रात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या बायकांच्या आणि त्यांच्या मुलांच्या मागावर आहेत. बायका गर्भार राहायच्या आधीपासूनच्या नोंदी आहेत त्यांच्याकडे. शेतात राबणाऱ्या, हडकुळ्या बायका. चोचले पुरवायला घरात काही असेल तर ना! त्यांची बाळं सरासरी २.७ किलोची. इंग्लंडात साउदम्प्टनला ३.५ किलोची. म्हणजे आपली बाळं सगळ्याच बाबतीत लहान? इथेच गंमत आहे. दंड बारीक, स्नायू कमी, पण कातडीखालची चरबी, विशेषतः पाठीवरची, त्या मानाने फारशी कमी नाही. नाळेच्या रक्तात इन्सुलिन उलट जास्त. दिसायला काटकुळं, आतून चरबीदार. ज्याने अजून आईचं दूधही प्यायलं नाही त्याला कसला आळस?

याज्ञिकांचा आणि लंडनच्या डॉ. युडकिनांचा तो जोडफोटो २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला होता, इथे बऱ्याच जणांनी पाहिला असेल. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, २२.३. शरीरातली चरबी युडकिनांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२. त्यांनी काय लपूनछपून वडापाव खाल्ले होते?

नेदरलँड्समध्ये १९४४-४५ च्या हिवाळ्यात युद्धामुळे उपासमार झाली. तेव्हा पोटात असलेल्या मुलांची पन्नाशीला तपासणी केली तर साखर नीट पचवता न येणारे त्यांच्यात जास्त निघाले. उपाशी आयांची मुलं ती. बोला आता खादाड.

खणखणीत_नाणं
माझ्या नावाने धागा काढल्याबद्दल आभारी आहे. आता जरा माझंही ऐका. माझे वडील ४४ व्या वर्षी साखरवाले झाले. डॉक्टर ओरडायचे, आई रडायची, आणि हे गृहस्थ कपाटात खारी लपवायचे. बोट कापावं लागलं तेव्हाही दवाखान्यात रव्याचा लाडू मागत होते. त्यांच्या पाठीवर जन्मतः किती चरबी होती हे मला माहीत नाही, पण खारी कुणी खाल्ली ते माहीत आहे.

संशोधनच हवं ना? ब्रिटनमधला 'डायरेक्ट' नावाचा प्रयोग, तोही 'लॅन्सेट'मध्येच, २०१७. मधुमेही लोकांना काही महिने दिवसाला साडेआठशेच्या आसपास कॅलरी, तीही नुसत्या शेक-सूपवर. वर्षाअखेरीस ४६ टक्के लोकांची साखर औषधाविना ताब्यात. ज्यांनी १५ किलो किंवा जास्त वजन उतरवलं त्यांच्यात ८६ टक्के! गर्भातच सगळं लिहून ठेवलं होतं तर मग हे पुसलं कसं गेलं?

ओसरीवरचा
पंधरा किलो उतरवायला आधी अंगावर पंधरा किलो असावे लागतात साहेब. आपल्याकडचा ५८ किलोचा शिपाई काय उतरवणार, हाडं? आणि आपल्याच देशातला प्रयोग सोयीस्कर विसरलात. चेन्नईचा, २००६ चा. मधुमेहाच्या उंबरठ्यावरचे लोक. ज्यांना काहीच दिलं नाही त्यांतले ५५ टक्के तीन वर्षांत मधुमेही झाले. आहार-व्यायाम पाळणारे? ३९ टक्के. फायदा झाला, नाकारत नाही. पण पाळूनही ३९ झालेच ना. त्यांना काय म्हणायचं, खोटारडे?

ब्रॅम्प्टनकर
ओसरीवाल्यांना +१. माझा बीएमआय २३.५. इथल्या, कॅनडातल्या डॉक्टरांनी दोन वर्षं 'तुम्ही बारीक आहात, काळजी नको' म्हणत परत पाठवलं. शेवटी बायकोने हट्ट केला, तपासलं तर एचबीए१सी (तीनेक महिन्यांची सरासरी साखर) ९ च्या वर, म्हणजे सरळ मधुमेह. गोऱ्यांच्या मापाने आपल्याला मोजलं की असंच होतं.

खणखणीत_नाणं
तिकडेही चितळ्यांची बाकरवडी कुरियरने येते म्हणे?

ब्रॅम्प्टनकर
मी तुमच्या वडिलांबद्दल काही बोललो का?

प्रयोगवही
दोघांनीही जरा दम घ्या. ओसरीवरचा यांनी पुण्याचा अभ्यास मांडला तो छान आहे, पण त्यातून 'आईचा आहार सुधारा, मधुमेह टळेल' असं सिद्ध होत नाही. संबंध दिसणं वेगळं आणि कारण असणं वेगळं. पुण्यात दिसलं की ज्या आया पालेभाज्या, फळं, दूध जास्त घेत त्यांची बाळं मोठी. उत्तम. मग मुंबईच्या वस्त्यांत साडेसहा हजारांवर बायकांना प्रत्यक्ष खायला घालून पाहिलं. गर्भधारणेच्या आधीपासून रोज पालेभाजी-दूध-सुकामेवा घातलेला समोशासारखा पदार्थ. २०१४ ला निकाल आला : सगळ्या बायका मिळून पाहिल्या तर बाळाच्या वजनात म्हणण्यासारखा फरक नाही. ज्यांनी दिवस राहण्याआधी तीनेक महिने तरी खाल्ला होता त्यांच्यात पन्नासेक ग्रॅम. बस. हे कुणी सांगत नाही, कारण गोष्ट रंगत नाही.

ओसरीवरचा
गोष्टीचा उरलेला भाग तुम्हीही नाही सांगितलात. त्याच मुंबईच्या प्रयोगात गरोदरपणातला मधुमेह दुसऱ्या गटात १२.४ टक्के, हा पदार्थ खाणाऱ्यांत ७.३. वजन राहू द्या, आयांमधला मधुमेह चाळीसेक टक्क्यांनी कमी. धागा मधुमेहाचाच आहे ना?

प्रयोगवही
तो प्रयोगाचा मुख्य प्रश्न नव्हता, नंतर पाहिलेली गोष्ट होती. पण बरं, आकडा खरा आहे. घ्या.

थोरलीसून
म्हणजे फिरून फिरून गाडी आईवरच. पूर्वी मुलगी झाली तर आईचा दोष, आता पन्नाशीतल्या घोड्याला मधुमेह झाला तरी आईचाच. तिने पालेभाजी खाल्ली नाही हो!

माझ्या दुसऱ्या वेळी सातव्या महिन्यात साखर वाढली. दवाखान्यातल्या बाई सगळ्यांदेखत म्हणाल्या, 'डोहाळजेवणात पेढे हाणले असतील.' घरी सासूबाईंचं तेच पालुपद. माझ्या पोटात किती जात होतं हे विचारलं कुणी? आमच्याकडे पुरुषांची पंगत, मग मुलं, मग सासूबाई, मग मी. भाजीचा टोप तोवर खरवडलेला. पातळ आमटी आणि भात. पालेभाजी मीच निवडली, मीच शिजवली, आणि माझ्या पानात देठं. याज्ञिकांनी गावातल्या बायकांच्या आहाराच्या नोंदी घेतल्या, चांगलं केलं. त्या घरातल्या पुरुषांच्या ताटात काय होतं हेही छापायला हवं.

ओसरीवरचा
ताई, मी आईला दोष देत नाहीये, उलट

थोरलीसून
तुम्ही देत नाही, पण तुमचा धागा वाचून शंभर सासवा देतील.

मालवणी_तिखट
मूळ मुद्दा कुणी बोलतच नाहीये. बी-१२ जीवनसत्त्व. त्या सहा गावांतल्या गर्भार बायकांत दोन तृतीयांशांना बी-१२ कमी. सरकारी गोळीत लोह आणि फोलिक ॲसिड, बी-१२ चं नाव नाही. आणि २००८ मध्ये याच मंडळींनी दाखवलं की आईचं फोलेट जास्त नि बी-१२ कमी असेल तर सहा वर्षांच्या मुलांमध्ये इन्सुलिनला दाद न देण्याचं प्रमाण जास्त.

आणि हे फक्त गरिबांचं आहे असं समजू नका. पुण्याच्या पुरुषांची तपासणी झाली होती. एकूण ६७ टक्क्यांना बी-१२ कमी. शहरी मध्यमवर्गात किती माहितेय? ८१. झोपडपट्टीतला माणूस बरा, सदाशिव पेठ गाळात. कारण सरळ आहे. मासे खा, अंडी खा.

शुद्ध_तुपातला
आलं! कुठलाही विषय असो, शेवटी अंडं. आमच्या सात पिढ्या शाकाहारी, आजोबा नव्वदीपर्यंत धडधाकट. बी-१२ कमी होण्याचं खरं कारण आरओचं पाणी. विहिरीच्या पाण्यातून मिळायचं ते, यंत्राने सगळं मारून टाकलं.

प्रयोगवही
त्या सहा गावांत १९९३ साली कुणाच्या घरी आरओ होता?

शुद्ध_तुपातला
मग रासायनिक खतं.

मालवणी_तिखट
हा हा. पुण्याच्याच पाहणीत शाकाहारींना बी-१२ कमी असण्याचा धोका ४.४ पट निघाला. खतं दोघांच्याही ज्वारीत तीच पडतात. आणि तुमच्यासारख्यांच्या हट्टापायी शाळेतल्या पोरांच्या ताटातलं अंडं गेलं. २०२३ च्या शेवटी आठवड्याला एक सुरू केलं होतं, २०२५ च्या जानेवारीत सरकारने त्याचे पैसे बंद केले. हवं असेल तर लोकवर्गणी काढा म्हणे!

शुद्ध_तुपातला
माझ्या हट्टापायी? मी शिक्षणमंत्री आहे का? आणि न खाणाऱ्यांना केळं मिळत होतं, ते पण गेलं. त्याबद्दल कुणी गळा काढत नाही.

प्रयोगवही
एका अंड्यात बी-१२ जेमतेम अर्धा मायक्रोग्रॅम. गरज रोज दोन-अडीचची. आठवड्याला एक अंडं देऊन क्रांती होणार नव्हती. कपभर दुधात एखादा मायक्रोग्रॅम मिळतो, तेव्हा शुद्ध तुपातल्यांनी तुपाऐवजी दूध-दह्याकडे वळावं.

मालवणी_तिखट
ज्याच्या घरात दूध डेअरीला जातं आणि पोरांना काळा चहा मिळतो त्याला हे सांगा. आमच्या गावात निम्मी घरं तशी. प्रथिनं, लोह, बी-१२ सगळं एका वस्तूत, भेसळ करता येत नाही, सोलून खायचं. हे साधं गणित आहे, पण सोवळं आडवं येतं.

शुद्ध_तुपातला
जातीवर घसरलात. अपेक्षित होतं.

मालवणी_तिखट
जात मी काढली नाही. सोवळं म्हणालो, तुम्हाला लागलं.

थोरलीसून
अंडं आणलं तरी ते कुणाच्या ताटात जाईल? आमच्याकडे आणतात. सहा आणतात, माणसं सात.

खणखणीत_नाणं
अंड्यांचं चालू द्या. ओसरीवाल्यांनी दिलेलं थोडंफार चाळलं. ठीक आहे. पोटातल्या बाळाला मी मोठ्या मनाने माफ केलं. चाळिशीच्या बापयाला नाही. घसरण तिथून सुरू होत असेल, पण ढकलतो कोण? गावातल्या त्या पोरांनी गावातच राबून खाल्लं असतं तर आज देशात दहा कोटी मधुमेहींचा आकडा झाला असता का?

ओसरीवरचा
नसता झाला. हे मान्य. गर्भातली उपासमार आणि नंतरची सुबत्ता, दोन्ही मिळून घात होतो, असंच ते संशोधन सांगतं. फक्त सुबत्ता म्हणजे दरवेळी श्रीखंड नव्हे. रिक्षात बारा तास बसणं, रेशनचा तांदूळ नि पाच रुपयांचा बिस्किटपुडा हीही त्यातच येते. आणि उपाशी राहूनच होणारा मधुमेहही असतो. कुपोषणातून होणारा तो प्रकार जागतिक आरोग्य संघटनेने १९८५ ला यादीत घेतला, १९९९ ला काढून टाकला, आणि २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने 'टाइप ५' म्हणून पुन्हा मान्य केला. वेल्लोरच्या डॉक्टरांचा त्यात मोठा वाटा. त्या रोग्यांना तुम्ही पर्वती चढायला सांगणार?

खणखणीत_नाणं
ते किती असतील, मूठभर.

ओसरीवरचा
मूठभरांना शिव्या घालायला परवानगी असते का?

खणखणीत_नाणं
नाही. पण मग ब्रिटनचंही वाचा. साखरेचं रेशनिंग १९५३ ला उठलं. जे त्याआधी पोटात होते नि तान्हेपणी ज्यांना साखर कमी मिळाली त्यांच्यात पुढे मधुमेह ३५ टक्क्यांनी कमी, २०२४ च्या 'सायन्स' नियतकालिकात आहे. म्हणजे साखर वाईटच. मी काय वेगळं म्हणत होतो?

ओसरीवरचा
अहो, पण यात कमी साखर खाल्ली कुणी? आईने! तीही सरकारने मिळू दिली नाही म्हणून. जीभ कुणाचीच आवरली गेली नव्हती, दुकानातच माल मोजून मिळत होता. हे माझ्या बाजूचं उदाहरण आहे, तरी दिल्याबद्दल धन्यवाद.

थोरलीसून
बघा, परत आईच.

ब्रॅम्प्टनकर
मेटफॉर्मिन (मधुमेहाची गोळी) घेणाऱ्यांनी बी-१२ तपासून घ्या. त्या गोळीने ते कमी होतं. माझे पाय बधिर व्हायचे, मला वाटलं साखरेमुळे. निम्मं दुखणं बी-१२ चं निघालं.

शुद्ध_तुपातला
हे उपयोगाचं बोललात. माझीही मेटफॉर्मिन चालू आहे. (हो, आहे. हसू नका.) बी-१२ ची गोळी शाकाहारी असते का?

मालवणी_तिखट
कॅप्सूल असेल तर वरचं कवच जिलेटिनचं असू शकतं, हिरवा ठिपका बघून घ्या. आतलं बी-१२ कारखान्यात जंतूंकडून तयार करून घेतात. आता जंतू तुमच्यात की आमच्यात, ते ठरवा आणि सांगा.