मदत हवी आहे: मोठेपणी कांजिण्या झाल्यात, अनुभव सांगा

अर्धीझोप

लेकीच्या कांजिण्या वाळल्या, ती घरभर हुंदडायला लागली, आणि सुटलो म्हणेपर्यंत मला झाल्या. वय पस्तिशीच्या पुढे. लहानपणी मला झाल्या होत्या का, हे घरात कुणालाच धड आठवत नव्हतं. आता उत्तर मिळालं.

लेकीला लशीचा एक डोस झालेला आहे. तिला सगळ्या अंगावर मिळून पन्नास फोडसुद्धा आले नसतील, तापही नावापुरता. माझं मात्र साग्रसंगीत चाललंय. आधी कणकण आणि कंबरदुखी. मग सकाळी केस विंचरताना कंगव्याचा दात कशात तरी अडकला आणि बोटाला ओलं लागलं. पाहते तर केसांच्या रेषेत तांबूस बुडाचा, पाण्याने टम्म भरलेला फोड. संध्याकाळपर्यंत पाठ आणि पोट भरलं. आता पापणीच्या कडेला एक आहे, आणि टाळूवरचे दोन-तीन गिळताना जीव काढतात.

डॉक्टरांनी त्याच दिवशी अ‍ॅसायक्लोव्हिर सुरू केलंय, 800 मिलिग्रॅम, दिवसातून पाच वेळा. खाजेसाठी कॅलामाइन आणि रात्री घ्यायची एक गोळी. तरी रात्री खाज जी उसळते, ती विचारू नका. पुरळाची नवी खेप अजून येतेच आहे.

तर विचारायचं हे की रात्र कशी काढायची? डागांचं काय होतं? सासूबाई घरातच आहेत, त्यांना लहानपणी झालेल्या आहेत, पण माझ्यामुळे त्यांना नागीण होईल अशी भीती नणंदेने घातली आहे. आणि सगळ्यात मोठी काळजी जावेची. पहिला फोड दिसला त्याच्या आदल्या संध्याकाळी ती माझ्याशेजारी बसून गप्पा मारून गेली. तिला पाचवा महिना आहे. तिलाही लहानपणचं काही आठवत नाही. अजून तिला काहीच त्रास नाही, म्हणून नवरा म्हणतो की उगाच घाबरवू नकोस. काय करू?

पांढरा_कोट

मी डॉक्टर आहे, तुम्हाला तपासलेलं मात्र नाही, तेवढं धरून वाचा.

बाकी सगळं नंतर. आधी जावेला फोन करा. आत्ता. तिला त्रास नाही याला काही अर्थ नाही, कारण संसर्गापासून पुरळ उठेपर्यंत 10 ते 21 दिवस जातात. आणि कांजिण्या पुरळ दिसायच्या एक-दोन दिवस आधीपासून पसरतात, म्हणजे ती आदली संध्याकाळ पक्की धरायची.

तिने तिच्या स्त्रीरोगतज्ज्ञांना फोनवरच सांगावं. तडक जाऊन बाकीच्या गरोदर बायकांमध्ये बसू नये. ते रक्तातल्या आयजीजी अँटिबॉडी, म्हणजे आधीच्या कांजिण्यांनी किंवा लशीने तयार झालेलं संरक्षण, तपासतील. आठवत नाही म्हणणाऱ्या पुष्कळांच्या रक्तात त्या सापडतात. सापडल्या तर विषय संपला. नसतील तर इम्युनोग्लोब्युलिनचं, म्हणजे तयार अँटिबॉडींचं, इंजेक्शन देता येतं, पण ते संपर्कानंतर लवकरात लवकर, फार तर 10 दिवसांच्या आत. काही देशांत आता त्याऐवजी संपर्कानंतरच्या सातव्या दिवसापासून अँटिव्हायरल गोळ्या देतात. कोणता मार्ग धरायचा ते तिचे डॉक्टर ठरवतील, पण त्यांच्या हातात दिवस उरायला हवेत. कांजिण्यांची लस जिवंत विषाणूची असते, ती गरोदरपणात देत नाहीत.

घाबरवायचं नाही हे बरोबर, पण का सांगायचं तेही कळू द्या. गरोदर बाईला कांजिण्या झाल्या तर तिला न्यूमोनियाचा धोका इतरांपेक्षा जास्त. पहिल्या 20 आठवड्यांत झाल्या तर बाळात दोष राहण्याची शक्यता थोडी, साधारण 2 टक्क्यांच्या आत, पण असते. अगदी बाळंतपणाच्या तोंडावर झाल्या तर नवजात बाळाला गंभीर आजार होऊ शकतो.

आणि तुमच्यासाठी: पापणीच्या कडेचा फोड डॉक्टरांना दाखवलात का? डोळा लाल झाला, दुखला, उजेड सहन होईना, तर थांबू नका.

उत्तररात्र

मला तिशीच्या आसपास झाल्या होत्या. घरात जो दुसरा पडतो त्याला जास्त जोरात होतात असं माझे डॉक्टर म्हणाले होते. चोवीस तास त्याच हवेत असतो ना आपण.

रात्रीचं सांगते. नखं मुळापासून कापायची आणि झोपताना हातांत सुती मोजे चढवायचे. वेड्यासारखं दिसतं, पण झोपेत हात कुठे जातो ते आपल्या हातात नसतं. माझ्या भुवईवर जो खळगा आहे तो तसाच झोपेत पडलाय. अंथरूण-पांघरूण पातळ ठेवायचं, गरम झालं की खाज दुप्पट. कोमट पाण्याने अंघोळ जरूर करायची (करू नये म्हणणारे भेटतीलच), फक्त टॉवेल घासायचा नाही, टिपायचा. कॅलामाइनची बाटली गार करून लावली की पंधरा-वीस मिनिटं स्वर्ग, मग पुन्हा आहेच. पण त्या पंधरा मिनिटांत झोप लागली तर जिंकलो.

टाळूच्या फोडांना गार आणि मऊ खाणं, आंबट-तिखट पूर्ण बंद. पाणी गिळवत नसलं तरी प्यायचंच, त्या गोळ्या मूत्रपिंडावाटे बाहेर जातात.

माझ्या बाबतीत सगळ्यात वाईट दिवस पुरळाचा पहिला नव्हता. नव्या खेपा येत होत्या, जुने वाळत होते, शेजारी शेजारी एक लाल ठिपका, एक पाण्याचा फोड आणि एक खपली, आणि हे संपणारच नाही असं वाटायचं तो होता. संपतं.

सरळसोट

इतक्या गोळ्या कशाला? अंगातून बाहेर पडायचंय ते पडू द्यावं. औषधाने दाबलं की आत राहतं आणि पुढे नागीण होते. आमच्या वेळी कुणी काही घेत नव्हतं, सगळे बरे झालो.

पांढरा_कोट

सरळसोट, विषाणू आत राहतो हे खरं आहे, पण गोळ्या घेतल्या तरी आणि न घेतल्या तरी. कांजिण्या बऱ्या झाल्या की तो पाठीच्या कण्याजवळच्या मज्जातंतूंच्या गाठींमध्ये मुक्काम करतो. पुढे वय वाढलं किंवा प्रतिकारशक्ती उतरली की त्याच मज्जातंतूच्या वाटेने त्वचेवर येतो. ती नागीण. अ‍ॅसायक्लोव्हिर काही दाबत नाही, विषाणूची वाढ थोपवतं. त्याचा फायदा पुरळ उठल्यापासून 24 तासांत सुरू केलं तर सर्वात जास्त. निरोगी लहान मुलांना बहुधा लागत नाही, म्हणून तुमच्या वेळचे सगळे बरे झाले. मोठ्यांची गोष्ट वेगळी.

अर्धीझोप, तापाला पॅरासिटामॉलच. आयब्युप्रोफेन नको, कांजिण्यांमध्ये त्याचा संबंध त्वचेच्या गंभीर जंतुसंसर्गाशी जोडला गेला आहे. आणि हा धागा वाचणाऱ्या आईबापांसाठी: मुलांना कांजिण्यांच्या तापात अ‍ॅस्पिरिन कधीही देऊ नका. त्यातून रे सिंड्रोम होऊ शकतो, मेंदूला सूज येते आणि यकृतही बिघडतं.

खडूस_काकू

सासूबाईंच्या नागिणीबद्दल. मला दोन वर्षांपूर्वी होऊन गेली, तेव्हा यावर माझा अभ्यास झालाय, नको तेवढा. नागीण कुणाकडून लागत नाही. ती आपल्याच आतल्या विषाणूची असते. तुमच्या कांजिण्यांनी सासूबाईंना नागीण होणार नाही, नणंदबाईंना सांगा. उलटं मात्र होऊ शकतं: नागिणीच्या फोडातलं पाणी कांजिण्या न झालेल्या माणसाला लागलं तर त्याला कांजिण्या होतात. मी तेव्हा नातवाला जवळ घेत नव्हते ते त्यासाठीच, आणि सुनेला वाटलं मी रुसलेय!

सासूबाईंना तुमची सेवा करू द्या. लहानपणी झालेल्या माणसाला सहसा दुसऱ्यांदा होत नाहीत. फक्त त्यांची कसली केमोथेरपी किंवा स्टिरॉइडचे जास्त डोस चालू असतील तर आधी त्यांच्या डॉक्टरांना विचारा.

अर्धीझोप

सगळ्यांचे खूप आभार. पांढरा_कोट, तुमचा प्रतिसाद वाचल्यावर लगेच जावेला फोन केला. ती आधी हसली, मग गप्प झाली, मग तिने डॉक्टरांना फोन केला. त्यांनी दवाखान्यात बसायला नाही, मागच्या दाराने थेट रक्त द्यायला बोलावलं. आज रिपोर्ट आला, अँटिबॉडी आहेत! म्हणजे कधीतरी होऊन गेल्यात आणि कुणाच्या लक्षातही नाही. नवरा आता म्हणतोय, बघ, उगाच घाबरलीस. त्याच्या लहानपणच्या कांजिण्यांचा व्रण नाकावर आहे, तोच चिमटीत धरून ओढावासा वाटला.

पापणीचा दाखवला. डोळ्याच्या आत काही नाही, थेंब दिलेत. मोजे चढवून झोपले, हसू नका, खरंच तीन तास सलग झोप लागली. नवीन फोड आज जवळजवळ नाहीत. पण कालपासून सुका खोकला आहे. घशातल्या फोडांमुळे असेल ना?

पांढरा_कोट

असू शकेल. पण मोठ्यांमध्ये कांजिण्यांचा न्यूमोनिया पुरळ आल्यावर साधारण तीन-पाच दिवसांनी डोकं वर काढतो, आणि तुम्ही त्याच टप्प्यावर आहात. आज डॉक्टरांना खोकल्याचं सांगा. येतोय हे आधी कळवा म्हणजे ते वेगळं बसवतील. घरात बोटाचं ऑक्सिमीटर असेल तर लावून पाहा. जिना चढताना नेहमीपेक्षा जास्त धाप, श्वास घेताना छातीत कळ, थुंकीत रक्त, यातलं काहीही दिसलं तर उद्यावर ढकलू नका. तसंच उतरलेला ताप पुन्हा चढला, किंवा एखाद्या फोडाभोवती लाली पसरून तो भाग गरम आणि दुखरा झाला, तर जंतुसंसर्ग असू शकतो. खूप डोकं दुखणं, मान ताठरणं, तोल जाणं किंवा बरळणं, यालाही सरळ इमर्जन्सी. धूम्रपान करता का? करणाऱ्यांना फुप्फुसाचा धोका जास्त.

अर्धीझोप

धूम्रपान नाही. दाखवून आले. छाती स्वच्छ आहे, एक्स-रेही काढला, ठीक आहे. घशाचाच खोकला निघाला. आता शेवटचं. ऑफिसमधून रोज विचारणा होतेय. ताप गेलाय, घरून थोडं काम करते, पण अर्ध्या तासात डोकं जड होतं. कधी जाऊ? आणि चेहरा पाहवत नाही हो.

वाचनमात्र

इतकी वर्षं इथे नुसता वाचतोय, पण या विषयावर लिहिणं भाग आहे. ताप गेला म्हणून जाऊ नका. शेवटच्या फोडावर खपली धरेपर्यंत आपण दुसऱ्याला देऊ शकतो. साधारण पाच-सात दिवस लागतात, मोठ्यांना थोडे जास्तही. खपल्या पडायची वाट बघायची गरज नाही, सगळे कोरडे झाले की झालं. केसांतले विसरले जातात, तिथे कुणाकडून तरी नीट बघून घ्या. माझ्या ऑफिसने डॉक्टरांचा फिटनेस दाखला मागितला होता, तुमच्याकडे आधीच विचारून ठेवा.

पण पसरत नाही म्हणजे काम झेपतं असं नाही. मी कोरडा झाल्याबरोबर हजर झालो आणि दुपारी मीटिंगमध्ये बसल्या बसल्या डोळे मिटले. थकवा पुढे काही आठवडे रेंगाळला. जमलं तर पहिला आठवडा अर्धा दिवस मागा. मागताना संकोच वाटतो, कारण सगळ्यांच्या मनात हा पोरांचा आजार आहे. सरळ सांगायचं, मोठ्यांना वेगळा होतो.

चेहऱ्याचं म्हणाल तर खपली ओढायची नाही, एवढं एकच पाळा. आपोआप पडते त्याखालचा डाग तांबूस-काळसर असतो, तो बहुतेक काही महिन्यांत फिका होतो. ऊन लागू देऊ नका, त्याने गडद होतात. खड्डे पडतात ते खाजवलेल्या किंवा पिकलेल्या फोडांचे. ते राहिले तर त्वचारोगतज्ज्ञांकडे उपाय आहेत, पण घाई नको, आधी कातडीला वेळ द्या.

जिज्ञासू_पाल

धागा हायजॅक करतेय, माफ करा. माझ्या मैत्रिणीच्या मुलाला कालच कांजिण्या उठल्या. परवा आम्ही दिवसभर एकत्र होतो. मला झालेल्या नाहीत हे आई ठामपणे सांगते. गरोदर नाही. वाट बघत बसायचं का?

पांढरा_कोट

नाही. लस संपर्कानंतर तीन दिवसांच्या आत, फार तर पाच दिवसांपर्यंत घेतली तरी आजार टळू शकतो किंवा बराच सौम्य होतो. तुमचा परवापासूनचा हिशोब आहे, तेव्हा आजच डॉक्टरांकडे जा. गरोदर नाही हे सांगितलंत, प्रतिकारशक्ती कमी करणारं एखादं औषध चालू असेल तर तेही सांगा, मग लस चालणार नाही. मोठ्यांना दोन डोस लागतात, दुसरा किमान चार आठवड्यांनी. आणि लस घेतली तरी परवापासून 21 दिवस स्वतःवर लक्ष ठेवा. त्यातल्या आठव्या दिवसापासून पुढे गरोदर बायका, तान्ही बाळं आणि कॅन्सरचे उपचार चालू असलेली माणसं यांच्यापासून लांब राहा.

जिज्ञासू_पाल

निघाले.