डब्ल्यू 123 मर्सिडीज: ऑटोमॅटिक गिअरबॉक्स 722.1 आहे की 722.3, आणि ऑइल पूर्ण कसं काढायचं?

जुनंइंजिन:
गाडी 1982 ची 300 डी, ऑटोमॅटिक. सर्व्हिसचे कागद नाहीत. एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल) तपकिरी झालंय, पण जळका वास नाही. पहिल्यावरून दुसऱ्यावर जाताना झटका बसतो. फिल्टर मागवायला गेलो तर 722.1 आणि 722.3 अशी दोन वेगळी किट दाखवतात. माझा कोणता हे कसं कळेल? आणि चेंबरचा (गिअरबॉक्सखालच्या ऑइलच्या तसराळ्याचा) प्लग उघडला की सगळं ऑइल निघतं का?

गोटीपाना:
गाडीच्या वर्षावर जाऊ नका. 722.1 वरून 722.3 हा बदल 1980-81 च्या सुमारास झाला, शिवाय इतक्या वर्षांत कुणीतरी गिअरबॉक्सच बदललेला असू शकतो. केसवर कोरलेला नंबरच खरा. चेंबर जिथे केसला बसतो त्या काठाच्या जरा वर, डाव्या अंगाला तो असतो, म्हणजे आपल्याकडच्या गाडीत क्लीनर साइडला. तिथे चिखल आणि ऑइलचा थर चढलेला असतो. डिझेल आणि ब्रशने घासा, मग टॉर्च तिरकी धरा. समोरून उजेड टाकला तर आकडे दिसत नाहीत. 722 नंतरचा पहिला आकडा 1 की 3, तेवढ्यावर किट ठरतं. फिल्टर आणि पॅकिंग एकमेकांना बसत नाहीत.

आता ऑइल. नुसता चेंबर रिकामा केला तर टॉर्क कन्व्हर्टरमधलं (इंजिनची ताकद गिअरबॉक्सला पोचवणाऱ्या, ऑइलने भरलेल्या भागातलं) जुनं ऑइल तसंच राहतं आणि नव्यात मिसळतं. या गाडीत कन्व्हर्टरलाही ड्रेन प्लग आहे, तोही उघडायला विसरू नका. पुढचं 722.3 धरून सांगतो.

गाडी थोडी चालवून ऑइल कोमट करा. चारही चाकं स्टँडवर, गाडी सपाट. चेंबरच्या प्लगला 5 एमएमची अ‍ॅलन की लागते. आधी खाच टोकदार वस्तूने खरवडून साफ करा आणि की हातोडीने ठोकून पूर्ण आत बसवा. अर्धवट बसलेल्या कीने खाच गोल झाली की पुढचा दिवस त्यातच जातो. नंतर बेल हाउसिंगच्या (कन्व्हर्टरभोवतीच्या आवरणाच्या) खालच्या खिडकीतून पाहत क्रँकचा बोल्ट 27 च्या गोटीने फिरवा, कन्व्हर्टरचा प्लग खाली येईल. तोही 5 एमएमचाच. तिथून ऑइल सावकाश येतं, अर्धा तास ठिबकू द्या.

चेंबर 13 च्या सहा बोल्टवर आहे. तळाशी राखाडी, मऊ गाळ असेल तर ती नेहमीची झीज. चमकणारे पितळी कण किंवा काळे पापुद्रे दिसले तर नुसतं ऑइल बदलून भागणार नाही. फिल्टरचे तीन स्क्रू अ‍ॅल्युमिनियममध्ये जातात, 4 एनएम (न्यूटन-मीटर, टॉर्क पान्यावरचं माप) पुरे. चेंबरचे बोल्ट 8 एनएम, आडवेतिडवे आवळत जा. दोन्ही प्लग 14 एनएम, वायसर नवे. चेंबर गळतो तो बहुतेक वेळा जास्त आवळल्यामुळेच. पत्र्याचा काठ वाकतो आणि दोन बोल्टच्या मधून पाझर सुरू होतो.

एटीएफलाल:
वरच्यात भर: काढलेलं ऑइल मोजून ठेवा. 722.3 मध्ये कन्व्हर्टर धरून साधारण 6 लिटर निघतं, 722.1 मध्ये 5 च्या आसपास. डेक्स्रॉन 3 दर्जाचं एटीएफ घ्या. सीव्हीटीचं (पायऱ्या नसलेल्या, वेगळ्या प्रकारच्या ऑटोमॅटिकचं) ऑइल चुकूनही नाही.

भरताना इंजिन बंद ठेवून आधी 4 लिटर घाला, मग चालू करा. कन्व्हर्टर रिकामा असतो, कमी ऑइलवर पंप हवा ओढतो. आयडलवर, ब्रेक दाबून, लीव्हर प्रत्येक जागेवर एकदा न्या आणि पी वर आणा. मग इंजिन चालू ठेवूनच डिपस्टिक पाहत थोडं थोडं घालत जा. इंजिन बंद करून पाहिलेली पातळी फसवी असते.

डिपस्टिकवरच्या खुणा 80 अंशांच्या गरम ऑइलसाठी आहेत. गार ऑइलची पातळी मिनिममच्या साधारण 1 सेंटीमीटर खाली असायला हवी. गार असताना मॅक्सपर्यंत भरलं तर गरम झाल्यावर ते जास्त होतं, फिरणाऱ्या भागांत घुसळून फेस होतो आणि गिअर घसरायला लागतात. दोन खुणांमधलं अंतर जेमतेम 0.3 लिटर, तेव्हा हात आखडता ठेवा. डिपस्टिक धागे सुटणाऱ्या फडक्याने पुसू नका, एवढा एक धागासुद्धा आत व्हॉल्व्ह अडकवू शकतो.

जुनंइंजिन:
27 ची गोटी मिळत नाहीये. प्लग खाली आणायला स्टार्टरचा एक टिचका दिला तर?

गोटीपाना:
नको. प्लग हवा तिथे थांबत नाही, आणि खाली कुणाचा हात असेल तर दुखापत ठरलेली. गोटी कुणाकडून तरी आणा. फिरवताना समोरून पाहता घड्याळाच्या दिशेनेच.

व्हॅक्यूम_बघा:
झटक्याचं वेगळं आहे, त्याची ऑइल बदलण्याकडून आशा धरू नका. डिझेलमध्ये गिअर किती मऊ पडणार हे गिअरबॉक्सवरच्या मॉड्युलेटरला मिळणाऱ्या व्हॅक्यूमवर ठरतं. जोडांचे रबर कडक होऊन चिरतात, व्हॅक्यूम कमी पोचतो आणि झटका बसतो. खाली शिरलाच आहात तर मॉड्युलेटरची नळी काढून आत बघा. लाल ऑइल दिसलं तर डायफ्रॅम (आतला लवचिक पडदा) फाटलाय, मॉड्युलेटर नवा घाला. नळी कोरडी असेल तर आधी सगळे रबर जोड बदला. मॉड्युलेटरच्या स्क्रूला त्यानंतरच हात लावा, आणि फिरवण्याआधी त्याच्या जागेवर खूण करून ठेवा.