सी: ४००० × ४००० चा अ‍ॅरे घेतला की सेगमेंटेशन फॉल्ट

प्रश्न: लिनक्स, जीसीसी कंपायलर. मेनमध्येच ४००० × ४००० चा डबल अ‍ॅरे घेतलाय. कंपाइल बिनतक्रार होतं, चालवलं की लगेच कोसळतं. १०० × १०० ला सुरळीत चालतं. हाच अ‍ॅरे फंक्शनला 'डबल स्टार स्टार' (पॉइंटरचा पॉइंटर; पॉइंटर म्हणजे मेमरीतला पत्ता) म्हणून देताना वॉर्निंग येते, ती कास्ट करून (प्रकार जबरदस्तीने बदलून) घालवू का?

उत्तर १: हिशेब करा. १ कोटी ६० लाख घटक, प्रत्येकी ८ बाइट, म्हणजे १२.८ कोटी बाइट. लिनक्सवर स्टॅक (फंक्शनमधले व्हेरिएबल जिथे राहतात ती मेमरी) सहसा ८ एमबीचा, त्यात हे मावणार कसं? मॅलॉकने (मेमरी मागायचं फंक्शन) हीपवर, म्हणजे मागून मिळणाऱ्या मोठ्या मेमरीत घ्या, पण ओळीगणिक वेगळा मॅलॉक नको. एकच सलग तुकडा मागा, नल (म्हणजे मेमरी मिळाली नाही) आलाय का ते आधी तपासा. फ्रीसुद्धा (मेमरी परत करणं) मग एकदाच.

उत्तर २: कास्ट अजिबात नको! द्विमितीय अ‍ॅरेत पॉइंटर नसतातच, नुसते डबल ओळीने मांडलेले असतात. स्टार स्टार म्हटलं की फंक्शन पहिल्या डबलचे ८ बाइट पत्ता समजून भलतीकडेच वाचायला जातं. त्याऐवजी मॅलॉकचा पत्ता 'एन डबलच्या ओळीचा पॉइंटर' या प्रकारात ठेवा, म्हणजे ए[आय][जे] (आय ओळ, जे स्तंभ) तसंच लिहिता येतं. सी९९ (सी भाषेचं १९९९चं मानक) पासून फंक्शनलाही हाच प्रकार देता येतो, फक्त पॅरामीटरमध्ये एन आधी हवा, ए नंतर.

उत्तर ३: आतला लूप जे चाच ठेवा. आय आत घेतलात तर दर पावलाला ३२,००० बाइटची उडी पडते. ६४ बाइटच्या कॅश लाइनमध्ये (प्रोसेसर मेमरीतून एकदम उचलतो तो तुकडा) ८ डबल येतात, त्यातला एकच वापरला जातो. फोर्ट्रानमधून कोड आणला असेल तर नीट बघा, तिथे मांडणी स्तंभाने असते.