पुढचे कळत नसताना : विदर्भातल्या खेड्यांतून आलेले अनुभव

पावसाचे, भावाचे, निकालाचे पुढे काय होणार हे ठाऊक नसताना सजगतेचा, म्हणजे आत्ता मनात आणि शरीरात जे चालले आहे ते न हाकलता पाहण्याचा, उपयोग झाला का, असे आम्ही विचारले होते. अमेरिकेतले प्राध्यापक जॉन कबाट-झिन यांनी १९७९ मध्ये तेथे सजगता शिकवणारे वर्ग सुरू केले, ते जुनाट दुखणे असलेल्या रुग्णांसाठी. आलेले अनुभव पुढे देत आहोत. आपलाही जरूर लिहावा.

कोरडवाहू शेतकरी, यवतमाळ जिल्हा

दोन वर्षांपूर्वी शेजारच्या वावरात मजूर दिसले म्हणून मृगाच्या पहिल्याच सरीवर मी सरकी टोबली, पावसाने दडी मारली आणि दुबार पेरणी उसनवारीवर करावी लागली. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नये, हे मला तेव्हाही पाठ होते. माहिती कमी नव्हती, वाट पाहणे सोसत नव्हते. पुढे इगतपुरीला दहा दिवसांच्या विपश्यना शिबिरास गेलो. तेथे पायाला मुंग्या आल्या तरी न हलता ती संवेदना कशी वाढते आणि कशी विरते, हे पाहायला शिकवतात. यंदा पहिली सर पडताच छातीत तीच घाई उठली. धुऱ्यावर बसून थोडा वेळ श्वास पाहिला, ही घाई आहे, ओल नव्हे, असे मनाशी म्हटले आणि बोटाने माती उकरली : वर दोन बोटे काळी, खाली कोरडी ठणठणीत. नऊ दिवस थांबलो. त्या दिवसांत मी शांत होतो असे म्हणणार नाही, रात्री तीनला उठून आभाळ पाहत होतो. परंतु आपण घाबरलो आहोत हे कळत होते आणि त्या भीतीच्या हाती तिफण दिली नाही. कर्जाचा हप्ता मात्र श्वास पाहून फिटत नाही, हेही लिहून ठेवतो.

आशा सेविका, चंद्रपूर जिल्हा

सासूबाईंच्या गाठीचा अहवाल नागपूरहून यायला वीस दिवस लागले. तुकडोजी महाराजांच्या परंपरेतले पहाटेचे सामुदायिक ध्यान त्यांच्या अंगवळणी पडलेले आहे. मी दिवसभर फोनकडे पाहत असे, तेव्हा त्या म्हणाल्या, "कागद याचा हाय नं अजून, आज वालाच्या शेंगा निवडू." मी शेंगा निवडायला बसले.

स्पर्धा परीक्षेचा विद्यार्थी, वाशीम जिल्हा

परीक्षा दोनदा पुढे ढकलली गेली. अभ्यासिकेत बसण्यापूर्वी दहा मिनिटे श्वास मोजतो. काही दिवस जमते, काही दिवस जमत नाही.

शेतकरी महिला, अकोला जिल्हा

डोळे मिटून बसले की मला धाप लागते, पती गेले ती रात्र समोर येते. म्हणून मी ते सोडले आणि कोणी स्वतःवर बळजबरी करू नये असे मला वाटते. कापूस वेचताना मात्र डोळे उघडे असतात, बोंडाचे टोक नखाजवळ टोचते, ओटी हळूहळू जड होते, आणि तेवढा वेळ मी पऱ्हाटीपाशीच असते. जमिनीचा फेरफार चौदा महिने अडला आहे. सोमवारी पुन्हा जायचे आहे, परंतु आज दोन ओळी वेचायच्या राहिल्या आहेत.