जुनी रेसर सायकल: मेक ओळखायचा कसा, दुरुस्ती कुठून सुरू करावी?

प्रश्न
सोलापूरच्या मंगळवार पेठेतल्या एका भंगारवाल्याकडून जुनी रेसर घेतली आहे. लगवाली (नळ्यांच्या सांध्यांवर बाहेरून जोड बसवलेली) स्टील फ्रेम, खाली वळलेलं हँडल, कॉटरपिनचा क्रँक (पेडलचा दांडा आसावर पाचरीसारख्या पिनने बसवलेला), मागे पाच चकत्यांचा फ्रीव्हील. हेडवरचा (हँडलखालच्या उभ्या नळीवरचा) बिल्ला गेलाय, नुसती दोन भोकं उरलीत. वरून काळा ऑइलपेंट फासलाय. सीटपाईप जाम आहे. अक्कलकोट रोड एमआयडीसीत सँडब्लास्ट करून पावडर कोटिंग करावं म्हणतो. आणि टायर कोणता बसेल?

उत्तर १
सँडब्लास्ट आत्ता अजिबात नको! मूळ रंग आणि कडेच्या रेघा हाच तुमचा पुरावा आहे, तो एका तासात उडून जाईल. शिवाय चांगल्या रेसरच्या नळ्या मधोमध जेमतेम अर्धा-पाऊण मिलिमीटर जाड असतात. बीबीच्या (क्रँकचा आस ज्यात फिरतो त्या आडव्या नळीच्या) खाली, सीटलगवर आणि मागच्या चाकाचा आस बसतो त्या डाव्या पट्टीवर पेंट रिमूव्हर थोडा थोडा लावून नंबर शोधा.

मग व्हर्नियरने बीबीची रुंदी मोजा. ७० मिमी असेल तर बहुधा इटालियन. ६८ मध्ये ब्रिटिश आणि फ्रेंच दोन्ही येतात, तिथे आटे बघावे लागतात. बीबीचा कप (बेअरिंग धरणारी आट्यांची वाटी) ब्रशने घासला की त्यावर कोरलेले आकडे बऱ्याचदा दिसतात: १.३७ × २४ ब्रिटिश, ३६ × २४ इटालियन, ३५ × १ फ्रेंच. ब्रिटिशमध्ये चेनच्या बाजूचा कप उलट्या आट्यांचा असतो, बाकी दोन्हींत दोन्ही कप सुलट. हे न बघता पाना लावला की आटे गेलेच. गिअर-ब्रेकच्या नावांवरून मेक ठरवू नका, ते भाग वर्षानुवर्षं बदलले जातात.

प्रश्नकर्ता
६८ मिमी भरली, कपवर १.३७ × २४ दिसतंय.

उत्तर १
म्हणजे ब्रिटिश आटे. पण जपानी फ्रेमलाही हेच असतात, तेव्हा एवढ्यावर इंग्लंड ठरवू नका. सीटपाईप निघाला की व्यास मोजा. २७.२ मिमी निघाला तर नळी पातळ आणि भारी, रेनॉल्ड्स ५३१ (इंग्लंडची नावाजलेली स्टील नळी) सारख्या प्रतीची असण्याची दाट शक्यता.

उत्तर २
सीटबोल्ट पूर्ण काढा आणि पाईपच्या कडेला बघा. पांढरी भुकटी असेल तर पाईप अ‍ॅल्युमिनियमचा. तापवू नका, अ‍ॅल्युमिनियम स्टीलच्या दुपटीच्या आसपास फुगतं आणि आणखी आवळतं. सायकल उलटी करून बीबीतून गंजतेल सोडा, दोन दिवस मुरू द्या, मग पाईपावर बर्फ धरून पिळा. सीटट्यूब मात्र व्हाइसमध्ये पकडू नका, चेपते.

कॉटरपिनचा नट पिनच्या टोकाशी सपाट येईल इतका सैल करा. क्रँकखाली, पिनच्या जाड डोक्याभोवती लोखंडी नळीचा तुकडा उभा टेकवा, म्हणजे ठोका बेअरिंगवर जाणार नाही. मग वरून एकच दणका. हळू हळू ठोकत बसलात की आट्यांचं टोक फुगतं आणि पिन भोकात अडकते. नवी पिन घेताना जुनी मोजा: ९ आणि ९.५ मिमी दोन्ही मिळतात.

उत्तर ३
टायरसाठी रीम बघा. कडा नसलेली, उथळ खोलगट रीम म्हणजे चिकटवायचा ट्युब्युलर. कडा असेल तर २७ × १¼ (६३० मिमी) किंवा ७००सी (६२२). नव्या पेठेत सहज मिळणारा २८ × १½ साध्या सायकलचा, ६३५ मिमीचा. तो ६३० वर ढिला बसतो, हवा भरली की उसळून निघतो.

आणि रंगाआधी हेडलगच्या मागे खालच्या नळीवरून बोट फिरवा. तिथे लाट किंवा फुगवटा लागला तर सायकल समोरून आपटलेली आहे. तिथला रंग काढून तडा बघा. तडा असेल तर ती फ्रेम चालवायची नाही.